हार्ड डिस्क गेली? आधी हात मागे घ्या!

फाइल चुकून डिलीट झाली, डिस्क ओपन होत नाहीये किंवा आतून टकटक आवाज येतोय... डेटा बऱ्याचदा त्या क्षणी जातच नाही. तो जातो पुढच्या अर्ध्या तासात, घाबरून आपण जे उद्योग करतो त्यात. तो अर्धा तास कसा काढायचा, हे आजच वाचून ठेवा.

रात्रीचे साडेअकरा. परवा सबमिशन. चार महिने फिरून शूट केलेलं फुटेज, इंटरव्ह्यूचे ऑडिओ, अर्धवट एडिट, सगळं एकाच काळ्या डबीत. तुम्ही ती डबी लॅपटॉपला लावता आणि स्क्रीनवर मेसेज येतो, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

आता खरं सांगा, पुढे काय होतं? केबल काढून दहा वेळा लावली जाते. डिस्कवर दोन टपल्या पडतात. क्लासच्या ग्रुपवर मेसेज जातो आणि ग्रुपमधला टेक-एक्स्पर्ट उत्तर देतो, ‘फॉरमॅट मार, नंतर सॉफ्टवेअरने येतं सगळं.’ मग कुठून तरी क्रॅक केलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड होतं, तेही घाईघाईत त्याच डिस्कवर. सकाळी दुकानात पोहोचेपर्यंत वाचू शकली असती अशी निम्मी फाइल आपल्याच हाताने पुसली गेलेली असते.

आपल्याकडे, म्हणजे उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये, हा धोका जरा जास्तच. कारण आपली सवय. बिघडलेली वस्तू फेकून द्यायची नाही, खोलून बघायची, हे या गावात रक्तातच आहे. मिक्सर असो, मोबाइल असो, नाहीतर पप्पांच्या बाइकचा कार्बोरेटर, कुणीतरी ओळखीचा असतोच आणि तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतोच. बाकी सगळ्या बाबतीत ही सवय सोन्यासारखी आहे. हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र ती उलटू शकते. मोबाइलची स्क्रीन बदलताना चूक झाली तर दुसरी स्क्रीन मिळते. डिस्कच्या आतल्या चकतीवर ओरखडा पडला तर तिथला डेटा जगातल्या कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

पाटीवरून नाव पुसलं, बिऱ्हाड तिथेच

डिलीट म्हणजे नक्की काय होतं, हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

बिल्डिंगच्या खाली नावांची पाटी असते ना? कुठल्या मजल्यावर, कुठल्या खोलीत कोण राहतं ते सांगणारी. हार्ड डिस्कमध्येही अशी पाटी असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत तिला मास्टर फाइल टेबल म्हणतात. तुम्ही फाइल डिलीट करता तेव्हा कॉम्प्युटर खोलीत जाऊन सामान बाहेर काढत बसत नाही. तो पाटीवर फक्त एवढंच लिहितो की ही खोली आता रिकामी समजा. सामान तिथेच असतं. म्हणूनच दहा जीबीचा व्हिडिओ कॉपी व्हायला कित्येक मिनिटं लागतात आणि डिलीट व्हायला एक सेकंद.

गोची पुढे आहे. खोली ‘रिकामी’ दिसल्यामुळे कॉम्प्युटर तिथे कधीही नवा भाडेकरू घुसवू शकतो. नवी फाइल कॉपी केली, डाउनलोड केलं, सॉफ्टवेअर टाकलं की जुनं सामान कायमचं बाहेर. क्विक फॉरमॅट म्हणजे पूर्ण पाटीच बदलणं. त्यातूनही बरंच परत मिळू शकतं. पण विंडोज व्हिस्टापासून पुढे, क्विकची टिक काढून केलेला पूर्ण फॉरमॅट खोल्यांवर चुना फिरवतो, म्हणजे सगळीकडे शून्य लिहितो. त्यानंतर सॉफ्टवेअर आणा की लॅब गाठा, काही उपयोग नाही.

त्यामुळे पहिला नियम एकच. गडबड लक्षात आली की त्या डिस्कवर एकही नवी गोष्ट लिहायची नाही. सेफली रिमूव्ह करून ती काढा, टेबलावर ठेवा आणि पाणी प्या.

आकाशातून पडलेली डिस्क

हात न लावण्याला किती किंमत असते, याचं एक भन्नाट उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान पृथ्वीवर परतताना आकाशातच फुटलं. कल्पना चावलासह सात अंतराळवीर त्यात गेले. यानाचे तुकडे अमेरिकेत टेक्सास आणि आसपास विखुरले. काही महिन्यांनी एका आटलेल्या तलावाच्या तळाशी एक जळकी, वितळलेली वस्तू सापडली. ती होती ३४० एमबीची हार्ड डिस्क. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाचा डेटा तिच्यात होता.

लॅबमध्ये तिच्या चकत्या काढून साफ केल्या, दुसऱ्या चांगल्या डिस्कमध्ये बसवल्या आणि जवळपास ९९ टक्के डेटा वाचता आला. २००८ मध्ये त्या प्रयोगाचा शोधनिबंधही छापून आला. नशीब होतंच, पण कारणंही होती. त्या डिस्कवर जुनं डॉस चालत होतं, फाइल्स तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या नव्हत्या, डिस्क निम्मीच भरली होती आणि जो भाग जास्त खराब झाला तिथे काही लिहिलेलंच नव्हतं.

म्हणजे आकाशातून पडून वाचलेला डेटा आहे. आणि इकडे चांगली धडधाकट डिस्क आपण एका ‘ओके’ने घालवतो.

तुमची केस नक्की कुठली?

डॉक्टरकडे गेल्यावर तो आधी विचारतो, कुठे दुखतंय? इथेही तेच. सगळ्या केसेसना एकच औषध नाही. स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न, ही डिस्क शेवटची कुठे लावली होती?

झेरॉक्सच्या दुकानात लावली होती? मग फोल्डर उघडल्यावर सगळीकडे शॉर्टकट दिसतायत का बघा. परीक्षेच्या दिवसांत गर्दीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभर शेकडो पेन ड्राइव्ह लागतात, त्यातून हा शॉर्टकट व्हायरस एकाकडून दुसऱ्याकडे जातो. चांगली बातमी अशी की फाइल्स गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, कारण क्लिक केलं की व्हायरस तुमच्या लॅपटॉपमध्ये येतो. आधी अँटिव्हायरसने डिस्क स्कॅन करा. मग फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन हिडन आयटम्स चालू करा. तरीही काही दिसलं नाही तर ऑप्शन्समध्ये जाऊन सिस्टीमच्या संरक्षित फाइल्स लपवण्याची टिकही काढा. अनेकदा बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सगळं जसंच्या तसं सापडतं.

कॉलेजच्या एडिट लॅबमध्ये मॅकला लावली होती? मग कदाचित तुमची डिस्क बिघडलेलीच नाही. मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही, म्हणून विंडोज बिनधास्त विचारतं, फॉरमॅट करू का? कॅन्सल करा आणि ती पुन्हा मॅकला लावून बघा. फक्त या गैरसमजातून किती प्रोजेक्ट शहीद झाले असतील याचा हिशेब नाही.

फाइल चुकून डिलीट केली? आधी रिसायकल बिन बघा, आणि तोही ज्या लॅपटॉपवर डिलीट केली त्याचाच. पेन ड्राइव्हवरची फाइल सहसा थेट उडते, पण एक्सटर्नल हार्ड डिस्कवरची अनेकदा बिनमध्ये जाते. मॅकवर डिलीट केली असेल तर मॅकच्या ट्रॅशमध्ये शोधा. तिथे नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअर. त्यासाठी पैसे घालवायची गरज नाही. रेक्युव्हा फुकट मिळतं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाइल रिकव्हरी २०२० पासून फुकट आहे, फक्त ते कमांड टाइप करून चालवावं लागतं. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही जोडी ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरने बनवली, ती ओपन सोर्स आहे. नियम दोन. सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये इन्स्टॉल करायचं, त्या डिस्कवर नाही. आणि सापडलेल्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर सेव्ह करायच्या, त्याच डिस्कवर नाही. हा दुसरा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. एका खोलीतलं सामान वाचवताना आपण ते शेजारच्याच खोलीतल्या सामानावर नेऊन टाकतो.

आणि क्रॅक सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. फाइल्स लॉक करून खंडणी मागणारे व्हायरस याच वाटेने पसरतात. मग आधी एक डिस्क अडकलेली असते, नंतर लॅपटॉपही अडकतो.

डिस्क दिसते, पण उघडत नाही? एकदा केबल बदलून बघा. हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. केबल सैल झाली की डिस्कला पुरेशी पॉवरच मिळत नाही, असं बरेचदा होतं. एवढ्याने जमलं नाही तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बघा. डिस्कची साइज बरोबर दिसत असेल आणि पुढे ‘रॉ’ लिहिलेलं असेल तर पाटी खराब झाली आहे, बिऱ्हाडं अजून असण्याची शक्यता चांगली आहे. अशा वेळी ‘स्कॅन अँड फिक्स’ दाबायचा मोह टाळा. ते टूल डिस्क वापरण्यालायक करायला बनवलंय, तुमच्या फाइल्स वाचवायला नाही. जमत असेल तर आधी डिस्कची हुबेहूब कॉपी, म्हणजे इमेज, दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा. डीडीरेस्क्यू नावाचं फुकट टूल हेच काम करतं. खराब जागा आधी सोडून देतं, चांगल्या जागा वाचून घेतं आणि मग मागे वळतं. हे डोक्यावरून जात असेल तर जाणकाराला सांगा, पण सांगताना ‘आधी इमेज घ्या’ हे शब्द वापरा.

आतून टकटक, किरकिर आवाज येतोय? इथे सॉफ्टवेअरचा विषय संपला. लगेच काढा, पुन्हा लावू नका. एकदाही नाही.

खोलून बघू नका, प्लीज!

या शेवटच्या केसमध्ये एवढी सक्ती का? साध्या एक्सटर्नल डिस्कमध्ये चकचकीत चकत्या मिनिटाला बहुधा ५,४०० फेऱ्या फिरतात, म्हणजे सेकंदाला ९०. त्यांच्यावरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. आता विचार करा, आपल्या रस्त्यावरच्या धुळीचा एक कण त्यात गेला तर काय होईल? म्हणूनच डिस्क उघडायची ती धूळमुक्त क्लीनरूममध्ये किंवा तशाच बंदिस्त स्वच्छ पेटीत. दुकानाच्या काउंटरवर पंख्याखाली नाही.

टकटक म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाहीये. ते तुटलेलं असेल तर प्रत्येक वेळी डिस्क सुरू केल्यावर चकतीवर नांगर फिरू शकतो. रात्रभर स्कॅन लावून ठेवलं तर सकाळी शेत साफ.

फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना नुस्खाही विसरा. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलासुरला चान्सही जातो. काही कंपन्यांच्या पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट मुख्य बोर्डवरच असतं आणि डेटा आतल्या आत एन्क्रिप्ट होतो. त्यामुळे ‘डबी फोडून डेस्कटॉपला लावू’ हा जुगाडही तिथे चालत नाही. बोर्ड जपून ठेवा, त्याच्याशिवाय लॅबवालेही अडचणीत येतात.

लोकलचंही तसंच. बंद डिस्कचं हेड बाजूला पार्क झालेलं असतं, त्यामुळे ती बऱ्यापैकी धक्के सोसते. चालू असताना पडली तर मात्र अवघड. बदलापूर लोकलच्या गर्दीत लॅपटॉप उघडून डिस्क लावून एडिट करणाऱ्या महान आत्म्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. बंद केल्याशिवाय बॅगेत टाकू नका आणि टाकाल तेव्हा कपड्यात गुंडाळून मध्ये ठेवा.

एक अपवादही लक्षात ठेवा. तुमची ‘डिस्क’ एसएसडी असेल तर तिच्यात फिरणारं काही नसतं, पडण्याची भीती कमी. पण डिलीटच्या बाबतीत ती निर्दय असते. ट्रिम नावाची सोय चालू असेल तर डिलीट केलेल्या खोल्या ती स्वतःच झाडून टाकते. काही नव्या हार्ड डिस्कमध्येही ही सोय आलीय. तिथे ‘नंतर सॉफ्टवेअरने येईल’ हे गृहीत धरू नका.

पावसाळा आणि वालधुनी

आपल्याकडे जून ते सप्टेंबर आणखी एक शत्रू असतो, पाणी. २६ जुलै २००५ ला उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या सखल भागात काय झालं, ते घरातल्या कुणालाही विचारा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते तर आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. वालधुनी आणि उल्हास फुगल्या की तळमजल्याच्या घरांत कपाटाचा खालचा कप्पा पहिला बुडतो आणि वायरी, चार्जर, जुन्या डिस्क आपण नेमक्या तिथेच ठेवलेल्या असतात.

डिस्क भिजली तर ती चालू करून बघू नका. हेअर ड्रायर नको, ऊन नको, तांदळाचा डबाही नको. ऐकायला विचित्र वाटेल, पण रिकव्हरी लॅब्ज सांगतात की ओली डिस्क घरी वाळवू नका. पुराच्या पाण्यात गाळ असतो, पाणी सुकलं की तो चकतीवर चिकटून बसतो. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून लवकरात लवकर लॅबला पोहोचवा. आणि या आठवड्याचं काम, डिस्क खालच्या कप्प्यातून काढून माळ्यावर ठेवा.

दुकानात गेल्यावर

‘भैया, हो जाएगा क्या?’ एवढाच प्रश्न विचारून डिस्क सोपवू नका. चार प्रश्न विचारा. एक, तुम्ही आधी इमेज घेणार की थेट डिस्कवर स्कॅन लावणार? दोन, डिस्क उघडावी लागली तर कुठे उघडणार? तीन, डेटा मिळाला नाही तर किती पैसे घेणार? चार, काम झाल्यावर माझ्या डेटाची तुमच्याकडची कॉपी कधी पुसणार? डिलीट झालेल्या फाइल्स, उडालेलं पार्टिशन ही कामं हुशार दुकानदार नीट करतो. पण आवाज येणारी डिस्क बघून ‘हे माझं काम नाही, लॅबला न्या’ असं जो सांगतो, त्याचं दुकान लक्षात ठेवा. तोच खरा जाणकार.

लॅबचा खर्च काही हजारांपासून सुरू होतो आणि हेड बदलायची वेळ आली तर चांगलाच वाढतो. म्हणून आधी अंदाजपत्रक मागा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात की लॅमिंग्टन रोड आहे, पण तिथेही प्रश्न हेच चार. पावतीवर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, प्रायव्हसीचं काय, हा प्रश्न लाजून गिळू नका. २००८ मध्ये हाँगकाँगचा अभिनेता एडिसन चेन याचे खासगी फोटो जगभर पसरले. त्याने लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता, तिथून ते कॉपी झाले. पुढे एका तंत्रज्ञाला त्यासाठी शिक्षाही झाली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात मालकाच्या परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं हा कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. कुणाच्या शरीराचे खासगी फोटो संमतीशिवाय पसरवणं कलम ६६ ई खाली येतं. शक्य असेल तर काम समोर बसून करून घ्या. आणि ‘मला फक्त हा एकच फोल्डर हवाय’ असं स्पष्ट सांगा.

दोन टीबी, पाचशे रुपये?

‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक ऐकतच आपण मोठे झालो. आता गंमत अशी की बनावट माल आपल्यालाच ऑनलाइन गंडवतो. पाचशे-सातशे रुपयांत दोन टीबीची डिस्क दिसली तर समजून जा. आत बहुतेक वेळा ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉपी करताना एरर येत नाही, फाइल्सची नावंही दिसतात. उघडायला गेलात की आत काहीच नाही. इथे रिकव्हरीचा प्रश्नच येत नाही, कारण तो डेटा कधी लिहिलाच गेला नव्हता. नवी डिस्क घेतली की भरण्याआधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅक आणि लिनक्सवर एफथ्री हे फुकट टूल चालवून खरी जागा तपासा. रात्रभर चालू द्या, सकाळी खरं-खोटं कळतं.

बॅकअप म्हणजे दुसरी कॉपी. पहिली नाही!

आपण म्हणतो, माझा बॅकअप हार्ड डिस्कवर आहे. पण लॅपटॉपमधून काढून डिस्कवर टाकलं तर तो बॅकअप नाही, ते फक्त शिफ्टिंग झालं. कॉपी अजूनही एकच आहे.

बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या लाखो हार्ड डिस्कचा हिशेब दर तिमाहीला जाहीर करते. तिथे एसीमध्ये, नीट निगा राखूनही वर्षाला शंभरातल्या साधारण एक-दोन डिस्क मान टाकतात. तुमची डिस्क तर लोकलने येते-जाते.

मोठ्या कंपन्याही यात फसतात. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना एका चुकीच्या कमांडने सिनेमाचा बहुतांश भाग सर्व्हरवरून उडायला लागला. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वाचवलं कुणी? गेलिन सुसमन यांनी. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून सिनेमाची एक कॉपी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर गाडीत घालून, अगदी लहान बाळासारखा जपत स्टुडिओत आणला गेला.

पीटर क्रोग या फोटोग्राफरने सांगितलेला ३-२-१ चा नियम हेच शिकवतो. कॉपी तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक कॉपी वेगळ्या ठिकाणी. तुमच्या-माझ्या बजेटमध्ये ते असं बसवता येईल. एक कॉपी लॅपटॉपमध्ये, एक एक्सटर्नल डिस्कवर. आणि तिसरी, निदान प्रोजेक्टची फाइल, स्क्रिप्ट, रिपोर्ट आणि मोजके फोटो, गुगलच्या फुकटच्या १५ जीबीत. फुटेज तिथे मावणार नाही. मग ग्रुप प्रोजेक्टमधल्या दोघांनी एकमेकांच्या डिस्कवर एकमेकांचं फुटेज ठेवायचं. एक डिस्क कॅम्प ३ मध्ये, दुसरी अंबरनाथला. मार्कशीट, आधार वगैरे डिजिलॉकरमध्ये. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल खरंच उघडून बघायची. पिक्सारने तेच केलं नव्हतं.

सबमिशनपलीकडे

सीएचएम असो की तलरेजा, प्रोजेक्ट गेला तर सरांच्या पाया पडून आठवडा मिळेल, फार तर पुन्हा शूट होईल. पण त्या डबीत अजून काय काय आहे, ते आठवा. आजोबांचा आवाज. लग्नाची कॅसेट स्टुडिओवाल्याकडून कॉपी करून घेतलेली, मूळ कॅसेट केव्हाच बुरशीने गेलेली. घराच्या जुन्या कागदांचे स्कॅन.

कागद गेला की काय होतं, हे या गावाला वेगळं सांगायला नको. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली माणसं राहायला आली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. मागे राहिलेल्या घरादाराची भरपाई मागायची तर १९५० च्या कायद्याखाली क्लेम करावा लागे. ज्यांनी निघताना घाईत कागद उचलले होते, त्यांच्या हातात निदान काही दाखवायला होतं. ज्यांचे कागद तिकडेच राहिले, त्यांना स्वतःचंच घर स्वतःचं होतं हे शब्दांनी पटवून द्यावं लागलं. तुमच्या शेजारच्या घरात अजूनही ट्रंकेत जपलेली अशी एखादी फाइल असेल. त्या पिढीला कॉपी काढायची सोय नव्हती. आपल्याला आहे, आणि आपण ती रविवारवर ढकलतो.

तर या रविवारी कारणं बाजूला ठेवा. घरातल्या सगळ्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह बाहेर काढा, प्रत्येकावर चिठ्ठी लावा. जे पुन्हा कधीच शूट करता येणार नाही, त्याची कॉपी आधी काढा. प्रोजेक्टचा नंबर त्यानंतर. आणि एक चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणावर आतून चिकटवा, रात्री साडेअकराला उपयोगी पडेल: फॉरमॅट नाही. टपली नाही. आधी काढून ठेव.